सोसेल तेवढा शेक

बाणकोट खाडीच्या काठचा सिराजुद्दीन मुकादम आयुष्यभर दारावर उभा राहिला. रियाधला आल्यावर पहिलं दार मिळालं ते ओलाया भागातल्या एका बँकेचं. काचेचं, आपोआप उघडणारं. अशा दाराला माणूस कशाला लागतो हे त्याला कधी कळलं नाही, पण युनिफॉर्म मिळाला, टोपी मिळाली आणि उभं कसं राहायचं ते तो शिकला. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर असं सरकवायचं की बघणाऱ्याला कळू नये.

मग एका मॉलचं दार आलं. करोनाच्या साली तिथं त्याच्या शेजारी तिवईवर एक कॅमेरा बसवला गेला. माणसाच्या अंगातली ऊब पाहणारा कॅमेरा. आत येणारा माणूस त्याच्या पडद्यावर रंगांचा ढीग होऊन दिसायचा. कपाळावरचा रंग भडक दिसला की त्याला बाजूला घ्यायचं, एवढंच काम. काहीजण हात जोडायचे, उन्हातून चालत आलोय, ताप नाही म्हणायचे. सिराजुद्दीन मान हलवायचा आणि पडद्याकडे बोट दाखवायचा. तेव्हापासून त्या कॅमेऱ्याचा त्याला धाक बसला होता. माणूस काय बोलतो, घरी कोण वाट बघतंय, हे कॅमेऱ्याला ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त आतलं कळायचं, आणि जे कळायचं ते तो सगळ्यांदेखत सांगून टाकायचा.

पन्नाशी उलटल्यावर कंपनीनं तिसरं दार दिलं. शहराच्या कडेला जुनी गोदामं होती. ती रंगवून, गार करून तिथं कलेची प्रदर्शनं भरवायला सुरुवात झाली होती. त्यातल्या एका गोदामात सिराजुद्दीन पहिल्यांदा शिरला आणि जागच्या जागी थिजला. समोर तोच कॅमेरा होता. छताला टांगलेला, खाली बघणारा.

आत काळोख होता आणि तीन भिंतींवर तीन माणसं नाचत होती. त्यांना चेहरे नव्हते, कपडे नव्हते असंही म्हणता येईना, कारण अंगच दिसत नव्हतं. दिसत होती ती अंगातली आग. छाती पांढरी, मान पिवळी, हात खांद्यापासून लाल होत होत बोटांपाशी जांभळे. केस काळे, काळोखात मिसळलेले, त्यामुळे डोकी अर्धीच वाटायची. एकानं दुसऱ्याच्या पाठीवर हात टेकला आणि काढला, तर हात गेल्यावरही पंजा पाठीवर तसाच राहिला, हळूहळू विझत. पावलं जिथून उठायची तिथं जमिनीवर पावलं उरायची. संगीत नव्हतं. श्वासांचा आवाज तेवढा होता, आणि श्वास सुटला की तोंडापुढे एक फिकट ढग यायचा नि जायचा.

चौथ्या भिंतीवर छतावरचा कॅमेरा जे बघेल ते त्याच क्षणी उमटायचं. बघायला आलेला माणूसही नाचणाऱ्यांसारखाच पेटलेला दिसायचा.

"घाबरलात का काका?" मागून कुणीतरी मराठीत विचारलं.

हे सगळं करणारी मुलगी मराठी निघाली. नाव नूपुर. वडील नाशिकचे, जुबैलच्या कारखान्यात इंजिनियर. पोरगी तिथंच वाढलेली, नाच शिकलेली, पुढे बाहेरगावी जाऊन कॅमेऱ्याचं शिकून आलेली. मधल्या भिंतीवर नाचत होती ती तीच.

"घाबरायचं काय त्यात," सिराजुद्दीन म्हणाला. "पण बाय, ह्यात माणूस कुठं हाय?"

"हाच तर माणूस. आपण एरवी बघतो ते वरचं पॅकिंग." ती हसली. "बघा, जास्त गरम ते पांढरं. मग पिवळं, लाल, जांभळं. आणि अगदी गार ते काळं. काळं म्हणजे भिंतीत विरघळलं. कॅमेऱ्याच्या दृष्टीनं ते नाहीच."

कॅमेऱ्याच्या दृष्टीनं ते नाहीच. हे वाक्य त्याच्या कानात राहून गेलं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. तो बाहेर, दारावर. आत येणाऱ्यांनी बूट काढायचे, जमिनीवर पावलांची ऊब उमटावी म्हणून. तो बूट कुठं ठेवायचे ते दाखवायचा. मग एका पोराटोरांच्या घोळक्यानं भिंतीवर उड्या मारल्या, पडदा हलला, आणि कंपनीचा हुकूम आला, गार्डनं आत कोपऱ्यात उभं राहायचं. बूट काढून, मोजे घालून.

त्या दिवशी दुपारी जलाल व्हॅन घेऊन आला. जलाल श्रीवर्धनचा, कंपनीचा ड्रायव्हर, बथ्याच्या वस्तीतल्या खोलीत सिराजुद्दीनच्या शेजारच्या खाटेवरचा. आत गर्दी नव्हती. जलालनं बूट काढले, कॅमेऱ्याखाली जाऊन लग्नातल्या वरातीसारखे हात उडवले, स्वतःचं पेटलेलं पोट भिंतीवर बघून खूश झाला.

"बघ सिराज, बिर्याणी अजून गरम हाय आत! ये, तू पण ये. नवरदेवासारखा काय उभा कोपऱ्यात?"

सिराजुद्दीन दोन पावलं पुढे आला. जलाल भिंतीकडे बघून खो खो हसायला लागला.

"अरे मेल्या, तुझा एक पाय कुठं ठेवलास? बुटाबरोबर बाहेर काढून आलास काय?"

सिराजुद्दीननं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर एक माणूस एका पायावर उभा होता. डावा पाय मोज्यातूनही पिवळा, धड, बोटांपर्यंत पुरा. उजवा पाय गुडघ्याखाली लाल, घोट्याशी जांभळा, आणि टाचेच्या पुढे काहीच नाही. चवडा नव्हता. बोटं नव्हती. त्यानं उजवा पाय उचलला. भिंतीवर एक थोटूक हललं.

"मोजा जाड हाय त्या पायातला," तो म्हणाला.

"व्हय, व्हय. बायकोनं विणून पाठवला असेल," जलाल म्हणाला आणि पुन्हा आपल्या पोटाकडे वळला.

सिराजुद्दीन मागे सरत सरत कोपऱ्यात गेला.

पायाचं त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. वर्षभर त्या पायात मुंग्या यायच्या, मग मुंग्याही थांबल्या. एकदा चालता चालता उजव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि तो तसाच पुढे गेला होता. मागून येणाऱ्या पठाणानं चप्पल हातात आणून दिली तेव्हा कळलं. साखर होती अंगात, तीही ठाऊक होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की डॉक्टर, आणि डॉक्टरचं पुढं काय होतं ते त्यानं घरात पाहिलं होतं. थोरला भाऊ सौदीतच हाइलला गव्हाच्या शेतावर होता. साखर घेऊन घरी आला. आधी त्याचं एक बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. दर वेळी डॉक्टर म्हणायचे, आता बास, आता पुढं जाणार नाही. शेवटी खाटेवर भाऊ एवढासा उरला होता, आणि जे उरलं होतं तेही मातीत गेलं.

पुढच्या महिन्यात इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, नवा व्हायचा होता. काम झेपत नाही असं एकदा कंपनीच्या लक्षात आलं की पासपोर्टवर खुरूज, म्हणजे कायमचं घरी. घरी धाकटी लाइबा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आणि घरी जायचं ते कसं? भावासारखं?

गावाकडे कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की जाणती माणसं आधी पाय चाचपतात. पाय गार पडले की म्हणतात, जीव वर चढायला लागला, आता कुराणातली यासीन वाचायला बसा. सिराजुद्दीननं लहानपणापासून हे ऐकलं होतं. आता रोज चार वाजता प्रदर्शन उघडल्यापासून त्याच्यासमोर भिंतीवर तेच लिहून यायचं, माणसाच्या उंचीपेक्षा मोठं. मरण पायापासून चढतं, आणि त्याचं बोटं, चवडा ओलांडून टाचेला शिवत होतं.

तो खांबाआड उभा राहू लागला. खांबाआडून चौथी भिंत दिसायची नाही, पण भिंत दिसली नाही म्हणून भिंतीवरचा माणूस जातो थोडाच. लोक हसले की त्याला वाटायचं, आपल्यालाच हसले. कुणी बोट दाखवलं की तो उजवा पाय डाव्यामागे घ्यायचा. एकदा एक लहान मुलगी आईला खांबाकडे बोट करून काहीतरी अरबीत सांगत होती. तो भिंतीला इतका चिकटला की पाठीला गार सिमेंट लागलं.

नूपुरनं ते हेरलं. वेगळंच हेरलं.

"काका, तुम्ही मुद्दाम लपता का?" एके दिवशी उघडण्याआधी ती म्हणाली. "नका ना लपू. परवा मी लॅपटॉपवर बघत होते. तुम्ही भिंतीवर फार सुंदर दिसता."

"म्या? सुंदर?" तो हसल्यासारखं करून म्हणाला. "बायकोला सांगा हो जरा हे."

"खरंच. एक पाय असा काळोखातून उगवलेला. आम्ही तिघं एवढं नाचलो, पण असं काही जमलं नाही. गुरुवारी सगळे पाहुणे येणारेत, तुमच्या कंपनीचे मुदीरही. तेव्हा तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चालाल? बाकी काही नाही. मी रेकॉर्ड करीन."

"मुदीर? आमचे मोठे साहेब आत येणार?"

"हो, मीच बोलावलंय. म्हटलं, तुमचे गार्ड फार चांगले आहेत."

ती लॅपटॉप उघडून आपल्या कामाला लागली. तिला त्या काळ्या पायाचा अर्थ कळला नव्हता. तिच्यासाठी तो रंग होता. सिराजुद्दीनला मात्र गुरुवार डोळ्यांपुढे दिसू लागला. मुदीर भिंतीकडे बघतो आहे, मग त्याच्याकडे, मग पायाकडे. मॉलच्या दारातून बाजूला घेतलेली सगळी माणसं त्याला आठवली. त्यांना बाहेर काढलं ते भडक रंगासाठी. त्याला काढतील ते रंग नाही म्हणून.

नाही कसं म्हणायचं, हे त्याला सुचलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना नाही म्हटलं, त्याला स्वतःसाठी तो शब्द सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं घरी व्हिडिओ कॉल लावला. त्याची बायको बदरुन्निसा ओट्याशी मासे साफ करत होती. फोन डब्याला टेकवून ठेवलेला, त्यामुळे तिची हनुवटी आणि सुरी एवढंच दिसत होतं.

"लाइबाचे बाबा, आवाज का असा?"

"काय नाय. पाय जरा गार पडतो. एसी हाय ना आत."

सुरी थांबली. "कुठला पाय?"

"अगो, दोन्ही. म्हणजे एकच. एसी त्या बाजूला हाय."

"पाय गार पडतो असं सकाळच्या पारी बोलू नये," ती म्हणाली. तिनं नळ सोडून सुरी धुतली. "डॉक्टरकडे जाऊन या."

"एसीसाठी डॉक्टर? हसतील लोक."

"मग मिठाचा शेक द्या. खडेमीठ मिळतं ना तिथं? तव्यावर भाजायचं, फडक्यात बांधायचं, नि शेकायचं. माझ्या बापाचे पाय मी रोज शेकायची. पण ऐका, अंगावर ठेवायचं ते सोसेल तेवढंच हां. सोसेल तेवढंच गरम."

"सोसेल तेवढंच," तो म्हणाला.

पहिला प्रयत्न खोलीवरच केला. मीठ तडतडलं, फडक्यात बांधलं, पुरचुंडी आधी हातात घेतली तर हात झटकन मागे आला. उजव्या पावलाला टेकवली. पायानं काही तक्रार केली नाही. त्यानं जरा दाबली. काही नाही. त्याला वाटलं, बरा आहे की पाय, हातापेक्षा खंबीर आहे. हातानं चाचपलं तर पाय उबदार लागत होता, आपल्याच माणसाचा पाय हातात घ्यावा तसा. त्याला रडू आलं. पण व्हॅननं गोदामापर्यंत पोचेतो ऊब निघून गेली, आणि भिंतीवर पुन्हा थोटूक.

म्हणून गुरुवारी त्यानं मीठ बरोबर आणलं.

गोदामाच्या मागे एक चहाची खोली होती. तिथं पाहुण्यांच्या कहव्यासाठी विजेची शेगडी होती. बाहेर गाड्यांची दारं वाजू लागली, अत्तराचा वास आत आला. सिराजुद्दीननं दार लोटलं, दुधाच्या पातेल्यात मीठ ओतलं, भाजलं, बांधलं, स्टुलावर बसून मोजा काढला. पावलाकडे नीट बघायचं तो टाळत असे, आजही टाळलं. पुरचुंडी टेकवली आणि बदरुन्निसाचा शब्द आठवून वाट पाहिली, आता चटका बसेल, आता बसेल, बसला की उचलायची. चटका बसला नाही. म्हणजे सोसतं आहे. त्यानं मीठ पुन्हा भाजलं. सोसतं आहे. त्यानं पुरचुंडी तळव्याखाली ठेवली आणि वर अंगाचा भार दिला. एक वास आला, त्याला वाटलं फडकं करपलं. तिसऱ्यांदा मीठ भाजत असताना बाहेरून नूपुरची हाक आली, "काका, या!"

त्यानं मोजा चढवला आणि आत गेला.

आत गर्दी होती. पांढऱ्या तोबांतले पुरुष, काळ्या अबायांतल्या बायका, सगळे भिंतींवर पिवळे-पांढरे होऊन हलत होते. मुदीर पुढे उभा होता, हात मागे बांधून. सिराजुद्दीननं बिस्मिल्ला म्हटलं आणि या टोकापासून त्या टोकाकडे चालायला लागला. चालता चालता त्यानं मान वळवून चौथ्या भिंतीकडे पाहिलं.

पाय होता. अख्खा होता. बोटं, चवडा, टाच, सगळं पांढरं शुभ्र, जणू दिव्यावर पाऊल ठेवलं होतं. बघा, त्याला मोठ्यानं म्हणावंसं वाटलं, बघा, आहे की नाही माझा पाय!

मग त्याच्या लक्षात आलं की बाकीचे सगळे विझले आहेत.

चौथ्या भिंतीवरची सगळी माणसं एकाएकी काळवंडली होती. छात्या जांभळ्या पडल्या, चेहरे मावळले. मुदीर तर भिंतीत जवळजवळ नाहीसाच झाला होता. लोकांत कुजबूज झाली. कुणीतरी टाळी वाजवली. त्यांना वाटलं हा खेळाचाच भाग. नूपुर लॅपटॉपवर वाकली आणि तिनं भुवया आवळल्या.

"आत कुणी काही गरम आणलंय का?" तिनं आधी इंग्रजीत, मग अरबीत विचारलं, मग आपल्याशीच मराठीत पुटपुटली. "काहीतरी फार गरम आहे इथं. त्याच्या हिशेबानं कॅमेरा बाकी सगळ्यांना गार ठरवतोय."

जमिनीवर, सिराजुद्दीन चालत आला होता त्या वाटेवर, उजव्या पावलांची रांग जळत होती. इतरांचे ठसे क्षणात विझायचे; हे विझत नव्हते. नूपुर त्या पावलांमागून चालत आली आणि त्याच्या पायाशी उकिडवी बसली. तिनं मोज्याला बोट लावलं. बोट ओलं झालं.

"काका, हे काय आहे?"

"मीठ," तो म्हणाला. "शेक दिला जरा."

"अहो, भाजलंय हे! कातडं मोज्याला चिकटलंय. तुम्हाला दुखत कसं नाही?"

"नाय गो बाय. दुखत नाय. खरंच नाय." आणि हे बोलताना त्याला पहिल्यांदा आपण काय बोलतो आहोत ते ऐकू आलं.

मुदीरनं पुढे येऊन "काय झालं?" असं अरबीत विचारलं. दिवे लावले गेले. दिव्यांत तीन भिंतींवरची नाचणारी माणसं फिकट होऊन गेली, आणि सगळ्यांच्या मधोमध सिराजुद्दीन उरला, एका पायात ओला मोजा, युनिफॉर्मची टोपी काखेत.

जलालनं व्हॅन अशी हाकली की प्रत्येक सिग्नलला शिवी. "मेल्या, मला सांगायचं होतंस. मी काय तुझा दुश्मन? एवढा हसलो मी त्या पायाला. मला काय ठाऊक." सिराजुद्दीन मागच्या सीटवर पाय शेजारी बसलेल्या नूपुरच्या ओढणीवर ठेवून बसला होता. पाय पुढे पडलेला होता, दुसऱ्या कुणाचं सामान असावं तसा.

इस्पितळातला डॉक्टर हैदराबादचा होता, मवाळ बोलणारा. त्यानं मोजा कात्रीनं कापला. सिराजुद्दीननं छताकडे पाहिलं. नूपुर बाहेर गेली. जलाल दाराशी थांबला.

"चाचा, आता एक करायचं," डॉक्टर हिंदीत म्हणाला. "डोळे मिटून घ्या. मी पायाला बारीक तारेनं टोचणार, जिथं भाजलं नाही तिथं. टोचलेलं कळलं की हां म्हणायचं. कुठवर जिवंत आहे ते मला बघायचंय."

कुठवर जिवंत आहे. म्हणजे कुठून कापायचं. सिराजुद्दीननं डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांआड तो पायात उतरायला लागला. गुडघ्यापर्यंत वाट ओळखीची होती. पोटरीशी धुकं. घोट्याखाली जिना संपला होता. पुढे काही आहे की नाही ते पाऊल टाकून बघायलाही पाऊल नव्हतं. तो तिथं उभा राहून ऐकत राहिला. काही आलं नाही. पण डॉक्टरच्या खुर्चीचं चाक जरासं कुरकुरलं.

"हां," तो म्हणाला.

पुन्हा शांतता. मग कोटाची बाही घासल्याचा आवाज.

"हां."

डॉक्टर काही बोलला नाही. सिराजुद्दीनला वाटलं, जमतं आहे. मधे किती वेळ जातो त्याचा अंदाज आला होता. श्वास आत, श्वास बाहेर, आणि मग टोचणी. खाली कुठं तरी तार लागत असणार. बोटांना लागत असणार. त्यानं एक श्वास जाऊ दिला.

"हां," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, जरा ठासून, "हां. लागलं. नीट लागलं."

"चाचा," डॉक्टर म्हणाला. आवाज खुर्चीतून येत नव्हता, वरून येत होता. "डोळे उघडा."

त्यानं उघडले. डॉक्टर उभा होता, खाटेपासून दूर, हात धुवायच्या बेसिनपाशी. त्याचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. जलाल दाराच्या चौकटीला धरून खाली बघत होता.

हात केव्हापासून खिशात होते, हे विचारायची सिराजुद्दीनची हिंमत झाली नाही.